धोकटीतील निसणा

रायपूर शहर चुनखडकावर वसलेले आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला गाळ आज चुनखडक आणि शेल यांच्या रूपाने छत्तीसगडच्या मैदानाखाली पसरलेला आहे. या खडकाने प्रांताला इमारतींचा दगड दिला आणि पुढे सिमेंटचे कारखाने दिले. परंतु वस्तऱ्याला धार लावण्याचे काम त्याच्याकडून होण्यासारखे नव्हते. चुनखडकातील कॅल्साइट पोलादाहून मऊ असते. त्यावर वस्तरा घासला, तर झिजतो तो दगडच. त्यामुळे रायपूरच्या नाभिकाला आपला दगड पायाखालच्या भूमीबाहेर शोधावा लागे.

नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा, पाण्याची वाटी यांच्याबरोबर हा लहानसा दगड असे. अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले. त्यांच्या मागोमाग अनेक मराठी कुटुंबे या प्रांतात स्थिरावली. मराठीत ज्याला निसणा म्हणत, त्यालाच हिंदी भाषक सिल्ली म्हणत. नावे दोन, वस्तू एकच.

केवळ कठीणपणावर जायचे, तर कुरुंदासारखा दगड नाही. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेले हे खनिज रायपूरच्या दोन्ही अंगांना सापडते: पश्चिमेस भंडारा जिल्ह्यातील पोहरा येथे आणि दक्षिणेस बस्तरच्या टोकाला, भोपालपट्टणमजवळच्या कुचनूर येथे. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून शिकलगार आपली सराण बनवी. या सराणेवर तलवारी उजळल्या आणि रत्नांना पैलू पडले. परंतु वस्तऱ्याची अखेरची धार सराणेवर बसत नाही. भरड कण पोलादावर खोल ओरखडे पाडतात, आणि असा वस्तरा गालावर फिरला की कातडी सोलवटते. वस्तऱ्याला हवा असतो तो पोलादाहून किंचित कठीण, परंतु अत्यंत बारीक आणि सारख्या कणांचा दगड. कठीणपणापेक्षा येथे सूक्ष्मतेचे मोल अधिक.

हे रहस्य आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांना धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे आणि धार टिकविण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी. छेदन करणाऱ्या शस्त्राची धार अर्ध्या केसाइतकी असावी, असे तेथे माप दिलेले आहे. आणि शस्त्र केस कापू लागले की ते कामास योग्य झाले, अशी त्याची परीक्षा आहे. म्हणजे शस्त्रवैद्याची कसोटी आणि नाभिकाची कसोटी एकच होती. आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहता चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास भरते. परंतु मोजण्याचे साधन हाती नसताना केसालाच माप मानणाऱ्या त्या दृष्टीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

असा दगड पृथ्वीवर थोड्याच ठिकाणी मिळतो. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात तेल लागणारे, पाणी लागणारे आणि न्हाव्यांच्या दुकानांत थुंकीवर चालणारे असे दगडांचे प्रकार नोंदवले आहेत. बेल्जियममधील आर्देन डोंगरात गार्नेटच्या अतिसूक्ष्म कणांनी भरलेला पिवळसर दगड पातळ थरांत सापडतो. जपानात क्योटोजवळच्या नारुताकीच्या खाणी अशाच दगडांसाठी नावाजल्या होत्या. अमेरिकेतील आर्कान्सा येथील दगडाला तर भूशास्त्रज्ञांनी नोव्हाक्युलाइट हे नाव दिले, ते वस्तरा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

या दगडांची ओढ कारागिराला का वाटावी? निसर्गाचे दोन दगड कधी एकसारखे नसतात, हे पहिले कारण. एकाला पाणी अधिक लागते, दुसऱ्याला कमी. एकावर हात हलका ठेवावा लागतो, दुसऱ्यावर थोडा दाबून. वस्तरा फिरू लागला की दगडावर पाण्यात कालवलेल्या बारीक कणांची खळ तयार होते. ही खळ दाट असताना धार झपाट्याने उठते. थेंब थेंब पाणी घालून ती पातळ केली, की तोच दगड धारेला झिलई देऊ लागतो. एका दगडाच्या पोटात अशी दोन कामे असतात. परंतु ती करवून घेण्यासाठी दगडाशी ओळख व्हावी लागते, आणि ओळखीला वर्षे लागतात. अखेर चामड्याच्या पट्ट्यावर किंवा तळहातावर वस्तरा पालथा-उताणा फिरवला, की काम संपले.

ही ओळख अनावश्यक ठरवणाऱ्या दोन घटना थोड्या वर्षांच्या अंतराने घडल्या. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन याने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम बनवले आणि ठरावीक कणांचे कृत्रिम दगड बाजारात येऊ लागले. १९०४ साली किंग जिलेट याला सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले आणि झिजलेली पाती फेकून देण्याची सवय जगाला लागली. पुढे १९८० नंतर रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांची जाणीव वाढली आणि दुकानांतूनही दर गिऱ्हाइकामागे नवे पाते बसवण्याची रीत आली. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. निसणा मात्र धोकटीतून उतरला.

छत्तीसगडच्या उत्तरेस बांधवगड आहे. ज्या सेना न्हाव्याला वारकरी संप्रदायाने संतांच्या मांदियाळीत बसवले, तो तेथील राजाच्या पदरी होता, अशी परंपरा आहे. सेना पूजेत रमला असता विठ्ठलाने स्वतः धोकटी उचलली आणि राजाची सेवा केली, ही कथा सर्वश्रुत आहे. लोकमानसाने देवाच्या हाती वस्तरा दिला. परंतु त्याच मुलखात प्रत्यक्ष व्यवहार निराळा होता. एकोणिसाव्या शतकात गुरू घासीदासांच्या मागे गेलेल्या सतनामी समाजाची श्मश्रू करण्यास नाभिक तयार नसत. ते काम सतनाम्यांना आपल्याच माणसांकडून करून घ्यावे लागे. ज्यांना हा धंदा वारशाने मिळाला नव्हता, अशा हातांनीही वस्तरा धरला आणि धार लावली. दगडाने त्यांची जात विचारली नाही. त्याने विचारले ते एवढेच: हात स्थिर आहे का, आणि धीर धरता येतो का?

सुश्रुताची शिळा ग्रंथात राहिली, कारण ती वैद्याची होती. नाभिकाचे तेच ज्ञान बोटांत राहिले आणि बोटांबरोबर जात चालले आहे. रायपूरच्या एखाद्या जुन्या घरात मध्यभागी खोलगट झालेला काळसर दगड अडगळीत सापडला, तर त्या खोलगटपणात कित्येक पिढ्यांच्या हातांचे श्रम साठलेले असतात. त्याला अडगळ मानू नये.