‘लेस्टरला येऊ नका’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ओळखीच्या एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी बायकामुलांसह, संसारासह परदेशी निघाली की व्हिसा, विमान, नोकरी यांची बोलणी होतात आणि शेवटी एक प्रश्न उरतो. राहायचे कुठे? शहर ठरलेले असते, पण त्या शहराचा कोणता भाग? शाळा बरी कुठे, भाडे परवडेल कुठे, तूरडाळ मिळेल कुठे आणि दिवसभर घरात एकट्या बसणाऱ्या आईशी दोन शब्द बोलणारा शेजार लाभेल कुठे? प्रश्न अगदी घरगुती आहे. इतिहासाची पुस्तके त्याची फारशी दखल घेत नाहीत. पण एकदा असे झाले, की हजारो कुटुंबांच्या वतीने या प्रश्नाचे उत्तर एका सरकारने नकाशा काढून दिले आणि त्या कुटुंबांनी स्वतःचे वेगळे उत्तर शोधले. ती हकिकत १९७२ सालची, युगांडातून इंग्लंडला गेलेल्या भारतीयांची.

आधी थोडी मागची गोष्ट सांगतो. पूर्व आफ्रिकेत मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात रेल्वे बांधली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले. त्यांतले बहुतेक पंजाबातले होते. काम संपल्यावर बरेचसे परतले, काही तिथेच राहिले. पण युगांडात जी मोठी भारतीय वस्ती झाली ती मुख्यतः त्यांच्या मागून गेलेल्या व्यापाऱ्यांची. सौराष्ट्र, कच्छ, चरोतर या भागांतून माणसे निघाली आणि आडरानात दुकाने थाटून बसली. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, तो शब्द आपल्याच दुकानाचा भाऊ. मुंबई बंदरातून ‘करंजा’, ‘कंपाला’ या बोटी पूर्व आफ्रिकेला जात, त्यांची नावे जुन्या मुंबईकरांना आठवत असतील. या मंडळींबरोबर गोव्याची माणसेही होती. सरकारी कचेऱ्यांतल्या कारकुनीत आणि हिशेबात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. कंपालात त्यांची स्वतःची संस्था होती.

९ ऑक्टोबर १९६२ रोजी युगांडा स्वतंत्र झाला. कोणाचे नागरिकत्व घ्यायचे हे भारतीयांना ठरवावे लागले. काहींनी युगांडाचे घेतले, पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. एकाच घरात नवऱ्याचा कागद एका देशाचा आणि बायकोचा दुसऱ्या देशाचा, असेही झाले. जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीन याने लष्करी बंड करून सत्ता घेतली आणि ४ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केले, की भारतीयांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. घर, दुकान, कारखाना, बँकेतला पैसा, सगळे मागे राहिले. कुटुंबामागे पन्नास-पंचावन्न पौंड एवढीच रक्कम बरोबर नेता येत होती. ज्यांचे कागद धड कुठल्याच देशाचे नव्हते त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने युरोपातल्या छावण्यांत जावे लागले. त्यामुळे काही घरांत बायको-मुले इंग्लंडमध्ये आणि नवरा तिसऱ्याच देशात, अशी ताटातूट झाली.

इंग्लंडमध्ये सुमारे अठ्ठावीस हजार माणसे आली. पहिले विमान १८ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर उतरले. त्या वेळचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारने या लोकांसाठी ‘युगांडा पुनर्वसन मंडळ’ नेमले होते. ओस पडलेल्या लष्करी तळांवर सोळा छावण्या उघडल्या. वेल्सच्या किनाऱ्यावरचे टॉनफनाऊ हे त्यांतलेच एक ठिकाण. विषुववृत्तावरून आलेली माणसे पश्चिमेच्या समुद्रवाऱ्यात, लष्करी बराकीत, मिळालेल्या ब्लँकेटांत गुरफटून बसली. स्थानिक बायकांनी कपडे आणून दिले, चहा करून दिला. हा चांगुलपणा त्या लोकांनी पुढे कायम लक्षात ठेवला.

आता प्रश्न आला पुढच्या मुक्कामाचा. मंडळाने इंग्लंडचे दोन भाग केले. जिथे घरांची, शाळांची आणि सरकारी सेवांची आधीच ओढाताण होती ते ‘लाल’ भाग. जिथे घरे रिकामी होती, नगरपालिका घ्यायला तयार होत्या ते ‘हिरवे’ भाग. लेस्टर, बर्मिंगहॅम आणि लंडनचे काही भाग लाल. हिरव्यांत देशभरची लहानमोठी गावे, पार स्कॉटलंड-वेल्सपर्यंत. विचार वाईट नव्हता. माणसे विखुरली तर कुठल्याच एका गावावर भार पडणार नाही, आणि वंशद्वेषाचे राजकारण करणाऱ्यांना निमित्त मिळणार नाही, असा हिशेब होता. पण हा केवळ सल्ला होता. या माणसांजवळ ब्रिटिश पासपोर्ट होता, तेव्हा अमुक गावात राहू नका असा हुकूम कोणालाही देता येत नव्हता.

या सल्ल्याच्या पुढे एक पाऊल टाकले लेस्टरच्या नगरपालिकेने. १५ सप्टेंबर १९७२ रोजी तिने कंपालाच्या ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात दिली. सारांश असा, की आमच्याकडे हजारो कुटुंबे घरासाठी रांगेत आहेत, शेकडो मुलांना शाळेत जागा नाही, आरोग्य आणि इतर सेवा ताणल्या गेल्या आहेत, तेव्हा तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. घर सुटलेल्या माणसाने आपल्या हिताच्या नावाखाली हे वाचले असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. लेस्टरमध्ये आज अनेकजण हसत सांगतात, की त्या जाहिरातीमुळेच तर आम्हांला या गावाचे नाव कळले. गोष्ट मजेची आहे, पण मला खरे कारण निराळे दिसते.

त्या कारणासाठी चार वर्षे मागे जावे लागते. केनियातून भारतीय माणसे येऊ लागली तेव्हा इंग्लंडने १९६८ साली कायदा करून त्यांच्यावर मर्यादा घातली. त्या गडबडीत आलेल्या कुटुंबांतली बरीच लेस्टरमध्ये स्थिरावली होती. म्हणजे युगांडातल्या माणसाचा मावसभाऊ, साडू, शाळेतला सोबती तिथे आधीच होता. छावणीत मंडळाचा अधिकारी हिरव्या गावातल्या घराची किल्ली पुढे करत होता, आणि खिशात मावसभावाचा पत्ता होता. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याच्यासाठी मावसभाऊ हीच बँक, तीच नोकरीची कचेरी आणि तोच दुभाषा. हजारो माणसांनी मावसभाऊ निवडला. हे आपल्याला समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरणगावात साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा माणूस ट्रंक घेऊन उतरला, की गाववाल्यांच्या खोलीचाच पत्ता विचारीत असे.

नात्याबरोबर आणखी दोन गोष्टी लेस्टरच्या बाजूने होत्या. पहिली बायकांचे काम. लेस्टर हे होजिअरी आणि बुटांचे गाव. मोजे, बनियन, स्वेटर विणणाऱ्या गिरण्यांत तिथे पूर्वीपासून बायका काम करीत. सगळे गमावून आलेल्या घराला दोन पगारांची गरज होती, आणि कंपालात ज्या बायका घराबाहेर कामाला कधी गेल्या नव्हत्या त्या इथे शिलाई यंत्रापुढे बसल्या. दुसरी गोष्ट घरांची. शहराच्या उत्तरेला बेल्ग्रेव्ह नावाचे जुने उपनगर. तिथे कामगारांसाठी बांधलेली, एकमेकांना चिकटलेली विटांची घरे. मूळची कुटुंबे नव्या वस्त्यांत निघून चालली होती, दुकानांना टाळी लागली होती, त्यामुळे किंमत उतरलेली. नगरपालिकेच्या घरांच्या रांगेत उभे राहण्याऐवजी दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक घर घ्यायचे आणि एकेका खोलीत राहायचे, असा मार्ग निघाला. ज्या रांगेची भीती जाहिरातीत घातली होती त्या रांगेला यांनी असा वळसा घातला.

बेल्ग्रेव्ह रोड आणि पुढचा मेल्टन रोड या रस्त्यावर बंद दुकानांची दारे उघडली. किराणा, साड्या, मिठाई, सोने. आज त्या पट्ट्याला ‘गोल्डन माइल’ म्हणतात आणि १९८० च्या दशकापासून तिथे दिवाळीची रोषणाई होते. त्या दिवाळीला भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या दिवाळ्यांपैकी एक समजतात.

ही कथा इथेच संपवली तर ती फार गोड होईल. खरा इतिहास एवढा सरळ नाही. गिरण्यांत गोऱ्या आणि काळ्या-सावळ्या कामगारांना वेगळे माप होते. १९७४ च्या मे महिन्यात लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, तो जवळजवळ तीन महिने चालला. पुढच्याच वर्षी तो कारखाना बंद झाला. नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाला १९७६ च्या लेस्टर नगरपालिका निवडणुकीत सुमारे अठरा टक्के मते पडली. म्हणजे नातेवाइकांच्या जवळ राहण्याची किंमत होती. एका जागी एकवटलेले लोक आधार देतात, तसे ते लांबून बोट दाखवायलाही सोपे असतात. पण एकवटल्यामुळेच त्यांचा आवाजही झाला. त्याच १९७६ साली बीबीसीच्या लेस्टर नभोवाणीने आशियाई श्रोत्यांसाठी रोजचा कार्यक्रम सुरू केला. आज बीबीसीचे ‘एशियन नेटवर्क’ म्हणून जे केंद्र चालते त्याचे मूळ तिथे आहे.

लंडनमध्येही असेच झाले, फक्त उपनगरे वेगळी. पंजाबी माणूस साउथॉलला गेला, कारण तिथल्या रबराच्या कारखान्यात आणि हीथ्रो विमानतळावर आधीच्यांनी कामे मिळवली होती. गुजराती माणूस वायव्येला वेम्बलीकडे वळला. तिथल्याच ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या जयाबेन देसाई यांनी १९७६ ते १९७८ असा प्रसिद्ध संप चालवला. हा कारखाना होता डॉलिस हिल भागात. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही त्याच डॉलिस हिलमध्ये आहे, हे मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखे.

मग हिरव्या गावांत गेलेल्यांचे काय झाले? काही कुटुंबे तिथे चांगली रुजली. मुले गावच्या मुलांत मिसळली, इंग्रजी लवकर शिकली. पण पुष्कळांना एकटेपणाने पोखरले. गावात दुसरे भारतीय घर नाही, हळद-जिरे मिळत नाही, देऊळ किंवा मशीद नाही, आजीला बोलायला माणूस नाही. कर्त्या पुरुषाला कामावर चार माणसे भेटत, मुलांना शाळेत भेटत. उरलेल्यांचे दिवस कसे जात असतील, हा विचार नकाशात नव्हता. त्यांतल्या अनेकांनी काही काळाने सामान बांधले आणि लाल भागाचा रस्ता धरला.

तरीही नातेवाइकांचा नकाशा हा शेवटचा नकाशा नव्हता, आणि मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. लेस्टरमधली कुटुंबे दुसऱ्यांदा हलली. पैसा जमला, मुले मोठी झाली, तशी ती बेल्ग्रेव्हमधून शेजारच्या रशी मीडला, तिथून शहराच्या कडेच्या ओडबीला गेली. या खेपेला निवड नात्यावर नव्हती, शाळेवर आणि अंगणावर होती. वेम्बलीची माणसे हॅरोला गेली. पण दुकान, देऊळ आणि लग्नाचा हॉल जुन्याच वस्तीत राहिला. रविवारी गाडी काढून माणसे बेल्ग्रेव्ह रोडला येत राहिली. पहिले उपनगर माणूस उभा राहण्यासाठी निवडतो, दुसरे मुलांना चालता यावे म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच पत्त्यावर मिळाव्यात असा हट्ट या कुटुंबांनी धरला नाही, म्हणून ती सावरली.

अलीकडे गोव्यातली माणसे याच वाटेने गेलेली दिसतात. पोर्तुगीज पासपोर्टच्या जोरावर या शतकाच्या सुरुवातीपासून ती इंग्लंडला जाऊ लागली आणि लंडनऐवजी स्विंडन या मध्यम शहरात एकवटली. कारण तेच. गोदामांत काम होते आणि आधी गेलेला कोणीतरी तिथे होता.

२०२२ साली युगांडातल्या त्या हकालपट्टीला पन्नास वर्षे झाली. लेस्टरच्या संग्रहालयात त्यावर प्रदर्शन भरले. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात शहरात काही हिंदू आणि मुस्लिम तरुणांच्या गटांत तणाव माजला, आणि जवळजवळ राहणाऱ्या वस्त्या एकमेकींपासून किती दूर असू शकतात तेही दिसले. आपल्या माणसांजवळ घर घेतल्याने शेजाऱ्याशी ओळख होतेच असे नाही. ती वेगळी करून घ्यावी लागते, दर पिढीत नव्याने.

२०२१ च्या जनगणनेत लेस्टरच्या रहिवाशांपैकी ४३.४ टक्के लोकांनी स्वतःला आशियाई म्हणून नोंदवले. इंग्लंडच्या सरकारी कागदांत हे गाव एकेकाळी लाल रंगात होते. हिशेब करणाऱ्यांनी घरे मोजली होती, शाळेतली बाके मोजली होती आणि ती बरोबर मोजली होती. आलेल्या माणसांच्या हातांत काय होते, ते मात्र त्यांनी मोजले नव्हते.