चुन्याची पुडी आणि डोळ्याचा काठ

तंबाखूसोबतची चुन्याची पुडी पोरांच्या हाती लागते, दाबता दाबता फुटते आणि आतला चुना थेट डोळ्यात उडतो. 2006 साली दिल्लीच्या एम्समधल्या नेत्रतज्ज्ञांनी ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात नेमक्या याच जखमांवर लेख लिहिला. चुना ॲसिडपेक्षा वाईट. ॲसिडाने वरचा थर गोठतो, त्यामुळे त्याची पुढची वाट बरीचशी अडते. चुना मात्र पेशी विरघळवत आत शिरतो, आणि त्याचे कण पापणीखाली चिकटून जाळत राहतात. म्हणून आधी डोळा भरपूर पाण्याने धुवायचा, दवाखाना नंतर.

जखम भरते, पण बुबुळ पांढुरकं होतं, त्यावर लाल शिरा चढतात. घरचे म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. मग नेत्रदानातलं बुबुळ बसवलं की झालं, असं वाटतं. पण ते टिकत नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा वरचा थर रोज झिजतो आणि तो भरून काढणाऱ्या मूळपेशी असतात काठावर, काळं आणि पांढरं जिथे मिळतं तिथे. या काठाला लिंबस म्हणतात. तो जळला की पुरवठाच बंद, आणि शेजारचं आवरण बुबुळावर अतिक्रमण करतं.

काठाचं हे काम डेव्हँगर आणि एव्हेन्सन यांनी 1971 मध्ये ‘नेचर’मध्ये सुचवलं होतं. 1989 मध्ये केनियन आणि सेंग यांनी चांगल्या डोळ्याच्या काठाचे तुकडे जळलेल्या डोळ्यावर लावून दाखवले. उपाय लागू पडला, पण एक डोळा वाचवायला दुसऱ्याचा एवढा काठ कापायचा, ही जोखीमच. 1997 मध्ये इटलीत ग्रात्सिएला पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली: इवलासा तुकडा घेऊन पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी हीच वाट धरली. 200 रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब त्यांनी 2011 मध्ये मांडला. यश 71 टक्के. दुसरा कोणी इथेच थांबला असता. पण पेशी गर्भवेष्टनाच्या, म्हणजे गर्भाभोवतीच्या पातळ पडद्यावर वाढवून मग तो पडदा डोळ्यावर लावायचा, तर मधल्या प्रयोगशाळेची गरजच काय? 2012 मध्ये याच गटाने ती गाळून टाकली. नाव दिलं ‘सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन’, बोलताना नुसतं ‘स्लेट’.

त्यात चांगल्या डोळ्याच्या काठावरून साधारण दोन मिलिमीटर लांबी-रुंदीची चकती काढतात. जळलेल्या बुबुळावर चढलेलं आवरण सोलून काढतात, तिथे गर्भवेष्टन फायब्रिनच्या डिंकाने चिकटवतात. चकतीचे आठ-दहा बारीक तुकडे करून मध्यभाग सोडून गोलाकार मांडतात, पुन्हा डिंक, वर लेन्स. शेत डोळ्यातच, रोपवाटिका नाही. 2016 च्या अहवालात 125 रुग्णांमध्ये यश 76 टक्के निघालं. युरोपने 2015 मध्ये मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतल्या उपचाराची, होलोक्लारची, ब्रिटनमधली जाहीर किंमत 2017 मध्ये एका डोळ्याला 80,000 पौंड होती! साधेपणा ही गरिबांची तडजोड असते असं मानणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मात्र प्रयोगशाळा निकामी झाली असं नाही. वाढवलेल्या पेशींत खऱ्या मूळपेशी किती, हे इटालियन गटाने 2010 मध्ये मोजलं: पी-63 प्रथिन ठळक दिसणाऱ्या पेशी 3 टक्क्यांहून जास्त असतील तर यश 78 टक्के, नाहीतर 11. स्लेटमध्ये अशी मोजणी होत नाही. कोणता तुकडा चालला आणि कोणता वाळला, हे डोळाच ठरवतो.

पुढे संगवान दिल्लीत दर्यागंजच्या डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये आले. तिथून जवळच्या गुरू नानक आय सेंटरमध्ये स्लेट आणि 1989 ची जुनी पद्धत यांची तुलना झाली; ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली.

या सगळ्याला एक अट आहे: दुसरा डोळा शाबूत हवा. ॲसिडहल्ल्यात अनेकदा दोन्ही जातात. तेव्हा नातेवाइकाच्या किंवा मृत दात्याच्या डोळ्याचा काठ घ्यावा लागतो, आणि शरीराने तो झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ. 2004 मध्ये जपानी डॉक्टरांनी गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवून डोळ्यावर लावल्या. त्या रुग्णाच्याच असल्याने ही औषधं टळतात, पण प्रयोगशाळा परत लागते.