निवडीचा तोल : लोळणाऱ्या कबुतरांच्या पैदाशीचा इतिहास

प्रस्तावना :

पाळीव प्राण्यांच्या पैदाशीचा इतिहास लिहिताना एक गृहीत सहसा तपासले जात नाही. माणसाला एखादा गुण आवडला, तो ज्या प्राण्यांत अधिक दिसला त्यांचीच वीण त्याने वाढवली आणि पिढ्यानुपिढ्या तो गुण वृद्धिंगत होत गेला, असे सरळ रेषेतले चित्र आपण मानून चालतो. दुधाच्या, लोकरीच्या किंवा वेगाच्या बाबतीत हे चित्र पुष्कळसे लागूही पडते. उडता उडता मागच्या अंगाने कोलांट्या घेणाऱ्या कबुतरांच्या बाबतीत मात्र ते अपुरे ठरते. येथे जो गुण हवा असतो, तोच प्रमाणाबाहेर वाढला की पक्षी आकाशातून कोसळतो आणि जमिनीवर आपटून मरतो. वीण वाढवण्यासाठी पक्षी निवडणाऱ्याला एकाच वेळी गुण टिकवावा लागतो आणि त्याला आवरही घालावा लागतो. सोळाव्या शतकातील मोगल दरबार आणि औद्योगिक इंग्लंडमधील बर्मिंगहॅम परिसर या दोन ठिकाणी ही निवड कशी केली गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या दोन परंपरांमध्ये थेट वंशसंबंध होता असा दावा येथे केलेला नाही. प्रश्न एकच होता, म्हणून त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

अकबराची ढाबळ :

अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त कबुतरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अकबर या छंदाला 'इश्कबाजी' म्हणत असे. दरबारी कबुतरांची संख्या वीस हजारांहून अधिक आणि त्यांपैकी पाचशे 'खासा', म्हणजे निवडक, अशी नोंद त्यात आढळते. इतिहासकाराच्या दृष्टीने या संख्येपेक्षा निवडीची कसोटी महत्त्वाची आहे. अबुल फजल 'चर्ख' म्हणजे गिरकी आणि 'बाजी' म्हणजे कोलांटी असा भेद करतो आणि खासा कबूतर पंधरा चर्ख व सत्तर बाज्या करते, असे सांगतो. पक्ष्याची प्रत त्याच्या रंगावरून किंवा डौलावरून नव्हे, तर मोजता येणाऱ्या कामगिरीवरून ठरवण्याचा हा जुना लेखी पुरावा होय. पूर्वी एका वेळी अकरा किंवा एकवीस कबुतरे उडवीत, आता एकशे एक उडवतात, असेही तो नमूद करतो. म्हणजे थव्याचे भान तेथेही होते. परंतु मोजणी होत होती ती प्रत्येक पक्ष्याच्या कोलांट्यांची, थव्याच्या एकजुटीची नव्हे.

दुसरी कसोटी वंशाची. खान-इ-आझम मिर्झा अझीझ कोका याच्याकडून आलेली 'मोहना' ही शाही कबुतरांची राणी मानली गेली. अश्की, परीजाद, अल्मास आणि शाह ऊदी ही तिची नामांकित संतती. त्यांच्या वंशजांनी बाबराचा पिता उमर शेख मिर्झा याच्या कबुतरांची कीर्ती झाकोळून टाकली, असा अबुल फजलचा निर्वाळा आहे. एका मादीपासून पुढे चाललेले घराणे नावानिशी नोंदवले जाते, याचा अर्थ आकाशातील कामगिरीइतकेच महत्त्व 'तिच्या पोटी काय निपजते' याला दिले जात होते. जातींचा संकर करण्याची पद्धत बादशहापूर्वी कोणी अवलंबिली नव्हती हे विधान मात्र दरबारी स्तुती म्हणूनच वाचावे लागेल. मध्य आशियातील ज्या कबूतरबाजांची नावे तोच लेखक देतो, त्यांना संकर ठाऊक नसेल हे संभवत नाही.

डार्विनची साक्ष :

'आईन'मधील हा मजकूर डार्विनच्या वाचनात आला होता. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्याने अकबराच्या कबुतरांचा उल्लेख केला आहे. तो स्वतः लंडनच्या दोन कबूतर मंडळांचा सभासद झाला आणि तेथील छांदिष्टांचे ज्ञान त्याने शास्त्रीय पुरावा म्हणून स्वीकारले. विद्यापीठीय विद्वत्तेने कारागिरांच्या ज्ञानाकडे असे पाहावे, हे त्या काळी सर्रास घडत नव्हते. कोलांटी शिकवता येत नाही, दुसऱ्या कबुतराची कोलांटी कधीही न पाहिलेली पिलेसुद्धा ती घेतात, हे त्याचे निरीक्षण निर्णायक होते. गुण उपजत असेल, तर माणसाच्या हाती उरते ती फक्त निवड.

१८६८ च्या ग्रंथात त्याने भारतातील 'लोटन' कबुतराचे वर्णन केले आहे. हलकेच हलवून जमिनीवर ठेवताच ते लोळू लागते आणि कोणी उचलून शांत करीपर्यंत लोळतच राहते. उचलले नाही तर मरेपर्यंत लोळते, असे सांगितले जाते, अशीही नोंद तो करतो. लोटन हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. गुणाला लगाम न घालता निवड करीत गेल्यास वंश कोठे पोचतो, याचे ते जिवंत उदाहरण आहे. हे कबूतर आकाशाला पारखे झाले.

बर्मिंगहॅमचा थवा :

बर्मिंगहॅम आणि त्याला लागून असलेला 'ब्लॅक कंट्री' हा कोळशाचा व लोखंडकामाचा प्रदेश. तेथील कामगारांनी परसातल्या लहान ढाबळींमधून जी जात घडवली ती 'बर्मिंगहॅम रोलर'. तिची कोलांटी इतकी जलद असते की पाहणाऱ्याला पक्षी न दिसता फिरणारा चेंडू दिसतो. मात्र या लोकांच्या लेखी एकट्या पक्ष्याच्या पराक्रमाला फारसे मोल नव्हते. वीसेक पक्ष्यांचा थवा एकसंध उडावा, त्यातील अनेकांनी एकाच क्षणी लोळण घ्यावी आणि लोळण संपताच प्रत्येकाने तत्काळ थव्यात परत यावे, हा त्यांचा आदर्श होता.

या आदर्शाने वीण वाढवण्यासाठी पक्षी निवडण्याचे निकष पालटले. सर्वांत खोल लोळणारा नर पाहुण्यांना दाखवायला ठीक. परंतु दोन अतिखोल पक्ष्यांची जोडी लावली तर पिलांमध्ये कोसळणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे अनुभवाने कळलेले होते. उलट अजिबात न लोळणारे पक्षीच वापरत गेले, तर काही पिढ्यांत गुणच हरवतो. म्हणून जाणकार पक्ष्याचा वेग पाहतो, कोलांट्यांची सफाई पाहतो आणि त्याहूनही अधिक लक्ष लोळण कशी संपते याकडे देतो. पक्षी झटकन सावरतो की भांबावतो? थव्याकडे वळतो की छपरावर उतरतो? पिलू काही महिन्यांचे झाले की लोळू लागते. पण पहिल्या हंगामात उत्तम वाटलेला पक्षी दुसऱ्या हंगामात बिघडू शकतो. त्यामुळे घाई न करता एकदोन वर्षे उडवून मगच त्याला जोडीला लावणे श्रेयस्कर मानले जाते. पायातील क्रमांकाचे कडे आणि वंशावळीची वही ही या प्रतीक्षेची साधने. त्या वहीतून आणखी एक गोष्ट दिसते. स्वतः मध्यम प्रतीचा असलेला, पण ज्याची भावंडे व पिले भरवशाची निघतात असा पक्षी कित्येकदा ढाबळीचा खरा आधार ठरतो. मोहनाचे महत्त्व सांगताना अबुल फजलला जे अभिप्रेत होते, ते याहून फार वेगळे नसावे.

विल्यम पेन्सम यांनी या परिसरातील पक्षी अमेरिकेत पाठवले, पुढे ते स्वतःही तेथे स्थायिक झाले. तेथील अनेक घराणी आपला वंश त्यांच्या पक्ष्यांपर्यंत नेतात. १९७२ मध्ये एन्ट्रिकिन आणि अर्वे यांनी या गुणाचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध केला. लोळण्याचा गुण मुख्यतः अप्रभावी आहे, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. साध्या कबुतराशी संकर केल्यास पहिल्या पिढीत तो बहुधा दडून राहतो. न लोळणारा पक्षीही तो पुढे देऊ शकतो, हे ढाबळीतील जुने ज्ञान त्यामुळे अनाकलनीय राहत नाही.

स्पर्धा आणि मौन :

आधुनिक स्पर्धांत वीस मिनिटांच्या उड्डाणात पाच वा अधिक पक्षी एकदम लोळले तरच गुण मिळतात. म्हणजे थव्याचा निकष नियमांत उतरला आहे. तथापि त्या गुणांना लोळणीच्या दर्जाबरोबर खोलीच्याही गुणकाने गुणले जाते, आणि येथे जुना मोह पुन्हा डोके वर काढतो. याची किंमत कबुतरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. लोळणारा पक्षी ससाण्याला जखमी भक्ष्यासारखा भासतो. २००७ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने काही रोलरपालकांवर संरक्षित शिकारी पक्ष्यांच्या हत्येबद्दल कारवाई केली.

या विषयाच्या साधनांत एक मोठी पोकळी आहे. 'आईन'मध्ये अश्की आणि अल्मास यांची नावे आहेत. त्याच ढाबळीतून उडून परत न आलेल्या, कोसळलेल्या पक्ष्यांविषयी अबुल फजल काही लिहीत नाही. वंशावळीच्या वह्याही जोडीला लावलेल्या पक्ष्यांच्याच असतात. ज्यांना वगळले गेले, त्यांच्या कड्याचा क्रमांक तेवढा उरतो, आणि पुढची ओळ कोरी असते.