माँटिसेलोचे तळघर

२८ फेब्रुवारी १७८७ रोजी अमेरिकेचा फ्रान्समधील राजदूत थॉमस जेफर्सन पॅरिसहून दक्षिणेकडे निघाला. आदल्या वर्षी त्याच्या उजव्या मनगटाला दुखापत झाली होती आणि एक्स येथील औषधी झऱ्यांचा उपचार घ्यावा, असे वैद्यांनी सुचविले होते. निमित्त मनगटाचे, पण वाटेत तो रेंगाळला तो बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांत. बोन गावी एतिएन पारां नावाचा पिपे बांधणारा कारागीर त्याला भेटला. मळ्यामळ्यांतून त्याने जेफर्सनला हिंडविले, आणि पुढे अनेक वर्षे बर्गंडीची वाइन निवडण्याचे काम जेफर्सनने त्याच्यावरच सोपविले.

या प्रवासात जेफर्सनने जी टिपणे ठेवली, ती वाचण्याजोगी आहेत. व्हूजोचा मळा सितोच्या मठवासीयांच्या मालकीचा असल्याची नोंद त्यात आहे. (सेमिनरीत सिस्टर्शियन संघाचा इतिहास आम्ही शिकलो, त्यांच्या उपवासांविषयी पुष्कळ ऐकले, द्राक्षमळ्यांविषयी मात्र आम्हांला कोणी काही सांगितल्याचे स्मरत नाही. तो मळा पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत मठाच्या हातून गेला.) पण मला अधिक मोलाची वाटते ती भाकरीची नोंद. पॉमार आणि व्होल्ने या गावांत मजूर गव्हाचा चांगला पाव खातात, शेजारच्या मर्सोत मात्र राय धान्याचा, हे जेफर्सनच्या ध्यानात आले आणि त्याने कारण विचारले. मर्सोची वाइन पांढरी. तांबड्या वाइनपेक्षा ती अधिक वेळा बिघडते व न विकता पडून राहते, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला मजुरांना तेवढे चांगले खाऊ घालणे परवडत नाही, असे उत्तर मिळाले. ज्याने हा प्रश्न विचारला, त्याच्या डोळ्यांना पेल्यामागचा माणूस दिसत होता, असे म्हणावे लागते.

मे महिन्यात तो बोर्दोला पोहोचला. तिथल्या तांबड्या वाइनींपैकी मार्गो, ला तूर, ओ-ब्रियाँ आणि लाफित या चार मळ्यांना त्याने पहिल्या प्रतीचे मानले. १८५५ साली बोर्दोची अधिकृत प्रतवारी झाली तेव्हा अग्रस्थानी हीच चार नावे होती. पांढऱ्या गोड वाइनमध्ये त्याची निवड शातो दिकेमची. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने मळ्याच्या मालकाला थेट पत्र लिहून १७८४ सालच्या पिकाच्या २५० बाटल्या मागविल्या, आणि बाटल्या मळ्यातच भरून द्याव्यात, अशी विनंती केली. व्यापारी भेसळ करतो, मळेवाला आपल्या नावाला जपतो, असा त्याचा अनुभव होता. मिस्सासाठी लागणारा द्राक्षारस केवळ द्राक्षांचा व न बिघडलेला असावा, हा धर्मसभेचा दंडक ज्यांना सांभाळावा लागतो, त्यांना जेफर्सनची ही चिकित्सा परकी वाटणार नाही.

मायदेशी परतल्यावर, १७९० साली, त्याने अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यासाठी आणि स्वतःसाठी एकत्रच वाइन मागविली. कोणता माल कोणाचा हे कळावे म्हणून दोघांच्या नावांची आद्याक्षरे घालण्यास सांगितले. या साध्या खुणेचे पुढे काय झाले पाहा. १९८५ साली लंडनच्या एका लिलावात जेफर्सनची आद्याक्षरे कोरलेली, १७८७ सालच्या लाफितची म्हणून पुकारलेली एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. जेफर्सनच्या काटेकोर नोंदवह्यांत अशा बाटल्यांचा माग लागत नाही, असे माँटिसेलोच्या अभ्यासकांनी तेव्हाच बजावले होते. पुढे विल्यम कॉक या अमेरिकन धनिकाने अशाच चार बाटल्या घेतल्या. ती अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली आहेत, असा निष्कर्ष त्यांच्या तज्ज्ञांनी काढला आणि २००६ साली प्रकरण न्यायालयात गेले. बाटल्या पुरविणाऱ्या जर्मन संग्राहकाने आरोप नाकारला. भेसळ टाळण्यासाठी ज्याने आयुष्यभर एवढा खटाटोप केला, त्याचेच नाव बनावटीच्या वादात सापडावे!

माँटिसेलो हे जेफर्सनचे व्हर्जिनियातील टेकडीवरचे घर. अध्यक्षपदावरून १८०९ साली निवृत्त होऊन तो तिथे राहिला, तेव्हा बोर्दोच्या किमती त्याच्या आवाक्याबाहेर जाऊ लागल्या होत्या. मग मार्सेयच्या कातालान या जुन्या स्नेह्यामार्फत दक्षिण फ्रान्सची लेदनों, नीसजवळची बेले, लिव्होर्नोहून माँतेपुल्चानो अशा तुलनेने स्वस्त वाइनी त्याच्या तळघरात येऊ लागल्या. घराच्या उतारावर त्याने स्वतःही द्राक्षवेली लावून पाहिल्या. १८०७ साली युरोपातील चोवीस जातींची २८७ रोपे लावली. रोग आणि किडींनी त्यांचा निभाव लागू दिला नाही. स्वस्त वाइन मिळू लागली की लोक व्हिस्की सोडतील, म्हणून वाइनवरील जकात कमी करावी, असेही तो आग्रहाने मांडी. पंचवीस वर्षे धर्मग्रामांत काढल्यावर हा युक्तिवाद मला पटत नाही.

तळघर होते भोजनगृहाच्या बरोबर खाली. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लहान कप्पे केलेले होते. खालून कोणीतरी भरलेली बाटली ठेवायची, दोर ओढायचा, आणि बाटली पाहुण्यांसमोर अवतरायची. ठेवणारा हात कोणालाच दिसत नसे. तो हात गुलामाचा होता. हयातीत जेफर्सनच्या मालकीत सहाशेहून अधिक माणसे होती. मर्सोच्या मजुराच्या पावाची चौकशी करणारा हाच तो गृहस्थ.

त्या टेबलावरचे फ्रेंच पद्धतीचे जेवण एडिथ फॉसेट ही स्त्री रांधत असे. जेफर्सन अध्यक्ष असताना तिला कोवळ्या वयात वॉशिंग्टनला नेऊन फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली तयार केले होते. तिचा नवरा जोसेफ घरचा लोहार. ४ जुलै १८२६ रोजी जेफर्सन वारला तेव्हा त्याच्यावर एक लाखाहून अधिक डॉलरांचे कर्ज होते. मृत्युपत्राने पाच जणांना मुक्त केले. त्यांत तळघरातून येणारी वाइन वाढणारा घरचा मुख्य सेवक बरवेल कोल्बर्ट होता आणि जोसेफही होता, एडिथ नव्हती. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या आवारात लिलाव पुकारला गेला आणि सुमारे १३० माणसे विक्रीस निघाली. एडिथ आणि तिची मुले वेगवेगळ्या मालकांकडे गेली. जोसेफने घण मारून पैसे जमविले, ओळखीच्यांची मदत घेतली आणि १८३७ साली एडिथला व काही मुलांना मुक्त करून घेतले. पुढे ते कुटुंब गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यात गेले. सगळी मुले मात्र त्यांच्याबरोबर नव्हती.