डॅनियल घट

डॅनियल घट हा रासायनिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर करणारा एक साधा गॅल्व्हानी घट होय. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी तो १८३६ मध्ये तयार केला. त्यापूर्वीच्या व्होल्टाच्या घटात तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे साचून प्रवाह लवकर क्षीण होई. डॅनियल घटातील प्रवाह त्या मानाने स्थिर असल्यामुळे तारायंत्रासाठी त्याचा पुष्कळ वापर झाला.

तत्त्व

जस्ताची पट्टी मोरचुदाच्या निळ्या द्रावणात नुसती बुडवली तरी अभिक्रिया होते. जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात (ऑक्सिडीकरण), तांब्याचे आयन ते स्वीकारतात (क्षपण). पट्टीवर तांब्याचा थर बसतो, निळा रंग फिका पडतो. मात्र सुटलेली ऊर्जा केवळ उष्णतेच्या रूपाने निघून जाते. घटातही हीच अभिक्रिया घडते. फरक एवढाच, की देणारा व घेणारा यांना वेगळे ठेवून इलेक्ट्रॉनांना तारेच्या वाटेने जाणे भाग पाडले जाते. सारे मर्म या विलगतेत आहे. डॅनियल यांनी त्यासाठी बैलाच्या अन्ननलिकेचा पडदा वापरला होता. पुढे सच्छिद्र मातीचे भांडे आले.

प्रयोगशाळेतील रचना

एका चंचुपात्रात झिंक सल्फेटचे द्रावण व जस्ताची पट्टी, दुसऱ्यात मोरचुदाचे द्रावण व तांब्याची पट्टी ठेवतात. १०० मिलिलिटर द्रावणासाठी अनुक्रमे सुमारे २८.७ ग्रॅम व २५ ग्रॅम स्फटिक लागतात. पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेली गाळणकागदाची पट्टी क्षारसेतू म्हणून चालते. व्होल्टमीटरवर सुमारे १.१ व्होल्ट विभवांतर दिसते. कागदी सेतूचा रोध मोठा असल्याने विजेरीचा दिवा मात्र सहसा पेटत नाही, यात नवल नाही.

सेतू उचलताच प्रवाह थांबतो. जस्ताकडे धन आयन वाढतात आणि तांब्याकडे ते घटतात. हा असमतोल सेतूतील आयन भरून काढत असतात.

संज्ञा

ऑक्सिडीकरण जेथे घडते ते ॲनोड. विद्युत अपघटनात ते धन असते, म्हणून मराठीत त्याला ‘धनाग्र’ म्हणतात. विद्युतघटात मात्र ॲनोड, म्हणजे येथे जस्त, ऋण असतो. त्यामुळे ‘धनाग्र’ हा शब्द येथे विद्यार्थ्यांची हमखास दिशाभूल करतो; ॲनोड व कॅथोड हेच शब्द वापरणे इष्ट.

दक्षता

घट जोडून तसाच ठेवल्यास तांब्याचे आयन सेतूतून हळूहळू जस्तापर्यंत पोहोचतात व त्यावर थर धरतात. म्हणून प्रयोगानंतर सेतू व पट्ट्या काढून धुवाव्यात. मोरचूद विषारी असल्याने त्याचे द्रावण नाल्यात ओतू नये.