काळ्या पडद्यामागचे टंकयंत्र

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची चर्चा हिंगोली जिल्ह्यात होते. त्या नोंदी वाचायच्या कशा, याची फारशी होत नाही. अमेरिकेतील लायगोच्या नोंदी आजही कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र त्या उकलू पाहणारा विद्यार्थी बहुधा लवकरच एका काळ्या खिडकीपाशी येऊन थबकतो. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. फक्त एक रेघ लुकलुकत असते.

या खिडकीचा तुसडेपणा समजायचा तर तिचा इतिहास पाहावा लागतो. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन होते टेलिटाइप, म्हणजे तारखात्यातील दूरमुद्रकाचेच भावंड. मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे कागदावर खडखडत उमटवी. प्रत्येक अक्षराला वेळ मोजावा लागे. 'एलएस', 'सीडी' अशा आज्ञा इतक्या तोटक्या का, आणि काम सुरळीत झाले तर यंत्र चकार शब्द का काढत नाही, याचे बरेचसे उत्तर त्या संथपणात आहे. नवशिक्याला ते मौन अपयश वाटते. वस्तुतः तो होकार असतो.

'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा आपण कुठे आहोत ते सांगते. (आपल्याकडे या अक्षरांनी आधी रस्त्यांचे सरकारी खातेच आठवणार, आणि ते अगदीच विसंगत नाही.) तिच्या नावातला पहिला शब्द 'छापा' असा आहे, कारण एके काळी उत्तर खरोखरच कागदावर छापून येई. मग 'एलएस'ने भोवताली काय आहे ते पाहावे, 'सीडी'ने पुढच्या दालनात जावे, दोन टिंबे देऊन मागे फिरावे. वाट चुकल्यास नुसते 'सीडी' म्हटले की माणूस आपल्या घरच्या दालनात परततो. शंका आल्यास 'मॅन' आहेच. त्या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे.

मराठी माणसाची अडचण मात्र वेगळीच. टंकयंत्राच्या वारशामुळे टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचा चौकोन देते. रोमन लिपीला ते मानवते. देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरे त्या चौकोनांत मावत नाहीत. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान याच पेचावरचा तोडगा होते. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक आले आणि पुढे युनिकोडने त्याची जागा घेतली. त्यामुळे अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचा प्रश्न सुटला. चौकोनांचा पुरता सुटलेला नाही. आजही एखाद्या दालनाला 'क्षेत्र' असे नाव देऊन 'एलएस' म्हणावे, तर कित्येक टर्मिनलांत ते जोडाक्षर फुटलेलेच दिसते. दालन मात्र त्या नावाने बिनचूक उघडते.