सिंहाच्या पंजातील काटा : एका कथेचा प्रवास

सिंहाच्या पंजात रुतलेला काटा काढणाऱ्या अँड्रोक्लीजची गोष्ट ऐकली नाही असा वाचक विरळा. गुलाम पळतो, गुहेत त्याला विव्हळणारा सिंह भेटतो, तो काटा काढतो. पुढे त्याच सिंहापुढे त्याला टाकले जाते तेव्हा सिंह त्याचे पाय चाटू लागतो. उपकाराची फेड उपकाराने होते, हे तात्पर्य सांगून आपण गोष्ट मिटवतो. या कथेचा मूळ पाठ आणि तिची पुढील रूपे शेजारी शेजारी ठेवून वाचताना मात्र आम्हांला हे तात्पर्य अपुरे वाटू लागले. दयेने वश झालेल्या श्वापदाची कथा प्रत्येक युगाने पुन्हा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी ‘वश होणे’ म्हणजे काय, याचे उत्तर बदलले आहे. त्या बदलाचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

कथेचा प्रसिद्ध लिखित पाठ इ. स. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस याच्या ‘नॉक्टेस अ‍ॅटिके’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात सापडतो. गेलियस ती अपियन नामक पूर्वसूरीच्या ग्रंथातून घेतो. हा अपियन पहिल्या शतकातला. तो फुशारकीच्या हौसेपायी वाहवत जातो, अशी शंका गेलियस स्वतःच नोंदवतो. परंतु हा प्रसंग आपण रोममध्ये प्रत्यक्ष पाहिल्याचे अपियनने लिहिले आहे, हेही तो सांगतो. म्हणजे कथा जन्मतःच इतिहास आणि दंतकथा यांच्या उंबरठ्यावर उभी आहे.

या पाठातले तपशील बालवाङ्मयात सहसा गळून पडतात. अँड्रोक्लीजचा धनी आफ्रिकेचा प्रांताधिपती होता आणि तो त्याला रोज, काही अपराध नसताना, फटके मारवीत असे. तो पळाला तो या छळाला कंटाळून. काटा काढल्यावर, जखमेतला पू पिळून काढल्यावर, तो त्या गुहेत सिंहासह तीन वर्षे राहिला. सिंह शिकारीतला चांगला वाटा त्याला आणून देई. विस्तव नसल्याने हा ते मांस भर दुपारच्या उन्हात भाजून खाई. शेवटी या रानटी जिण्याला विटून तो बाहेर पडला, तिसऱ्या दिवशी सैनिकांच्या हाती सापडला, आणि श्वापदांच्या तोंडी देण्याची शिक्षा होऊन रोमच्या रिंगणात उभा राहिला. पुढचे सर्वश्रुत आहे. लोकांच्या आग्रहावरून त्याला मुक्त करण्यात आले व सिंहही त्यालाच देण्यात आला.

येथे सिंह ‘माणसाळतो’ असे म्हणता येईल काय? गुहा सिंहाची, शिकार सिंहाची, पाहुणा माणूस. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा धनी नाही. ज्याचा शब्दशः धनी आहे असा या कथेत एकच जीव आहे, आणि तो माणूस आहे. कायद्याने ज्याला वस्तू ठरवले, त्याला माणूस म्हणून ओळखण्याचे काम श्वापदाने केले, ही या पाठाची खरी धार. आणि त्याचा शेवटही विलक्षण आहे. सुटका झाल्यावर अँड्रोक्लीज त्या सिंहाला एका बारीकशा दोरीने बांधून रोमच्या दुकानांतून फिरू लागला. लोक त्याला पैसे देत आणि सिंहावर फुले उधळत. गुलाम मुक्त झाला त्याच क्षणी सिंहाच्या गळ्यात दोरी आली. गेलियस यावर भाष्य करीत नाही. पुढील हजार वर्षांची कथा मात्र या दोरीचीच कथा आहे, असे आम्हांला वाटते.

सातव्या शतकाच्या आरंभी जॉन मॉस्कस या भिक्षूने संतांच्या आठवणींचा एक संग्रह लिहिला. त्यात जॉर्डन नदीकाठच्या मठातील गेरासिमस या संताची गोष्ट आहे. येथेही सिंह लंगडत येतो, येथेही संत त्याच्या पंजातले वेताचे कुसळ काढतो. पण आता सिंह संताच्या मागोमाग मठात राहायला येतो आणि पाणी वाहणाऱ्या गाढवाची राखण हे काम त्याच्याकडे सोपवले जाते. एके दिवशी उंटांच्या तांड्याबरोबर जाणारा एक जण गाढव घेऊन जातो. सिंह मान खाली घालून एकटाच परततो. त्यानेच गाढव खाल्ले असे ठरते आणि गाढवाचे काम त्याच्या पाठीवर येते. पुढे तोच उंटवाला परत येतो, सिंह गाढवाला ओळखतो, त्याचा दोर तोंडात धरून उंटांसकट मठात आणतो, आणि निर्दोष ठरतो. गेरासिमसच्या मृत्यूनंतर त्याच्या थडग्यापाशी सिंहही प्राण सोडतो.

पुढे ही कथा सेंट जेरोमच्या नावावर चढली. गेरासिमस व जेरोमच्या नावाचे ‘जेरोनिमस’ हे रूप यांतील साम्यामुळे ही अदलाबदल झाली, असे अभ्यासक मानतात. तेराव्या शतकातल्या ‘सुवर्ण आख्यायिका’ या संतचरित्रसंग्रहाने हा सिंह युरोपभर पोहोचवला. या पाठातला एक बारकावा आमच्या मनातून जात नाही. निर्दोषत्व सिद्ध झाल्यानंतरही सिंह मठवासीयांच्या पायांशी लोळण घेतो, जणू न केलेल्या अपराधाची क्षमा मागतो आहे. गेलियसच्या पाठात अन्यायाने फटके खाणारा माणूस पळून गेला होता. येथे अन्यायाने ओझे वाहणारा सिंह पळत नाही, उलट क्षमा मागतो. काटा तोच, दयाही तीच. पण मध्यंतरी आज्ञाधारकपणा हाच सद्गुण ठरला आहे. १५१४ साली ड्यूररने कोरलेल्या जेरोमच्या प्रसिद्ध चित्रात तर हा सिंह झोपलेल्या कुत्र्याशेजारी पेंगतो आहे. श्वापदाचे भय संपले, आणि त्याबरोबर त्याचे श्वापदपणही.

याच काळात दरबारी काव्याने या सिंहाला वेगळे वळण दिले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतिएँ द त्रुआ याने रचलेल्या इव्हेनच्या काव्यात सरदार इव्हेन सापाच्या तावडीतून सिंहाला सोडवतो. त्यासाठी त्याला सिंहाच्या शेपटीचे टोक कापावे लागते. मुक्त झालेला सिंह गुडघे टेकतो, पुढचे पंजे जोडतो. हा मांडलिकाने स्वामीपुढे निष्ठेची शपथ घेण्याचा तत्कालीन विधी आहे. मात्र हा सिंह केवळ सेवक नाही. वचन मोडल्यामुळे इव्हेनने आपली पत्नी गमावली आहे. निष्ठा म्हणजे काय हे त्याला या मुक्या सोबत्याकडून शिकायचे आहे. शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे नाते येथे पुन्हा उलटते.

आपल्याकडील परंपरेतही काट्याची एक गोष्ट आहे. अलीनचित्त जातकात हत्तीच्या पायात खैराचे कुसळ रुततेच, आणि ते काढणाऱ्या सुतारांना तो हत्ती ओंडके ओढण्यात साह्य करू लागतो. म्हातारपणी आपला पुत्र त्यांच्या हवाली करतो. दुर्गाबाई भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे या कथांचे दालन मराठी वाचकाला खुले झालेले आहे. पण याच जातकसंग्रहात जवसकुण जातकही आहे : पक्षी सिंहाच्या घशातले हाड काढतो, आणि पुढे मदत मागताच सिंह त्याला सुनावतो की माझ्या दातांत शिरून जिवंत राहिलास हेच पुष्कळ. पंचतंत्रातल्या विद्वानांनी तर मेलेल्या सिंहात प्राण फुंकले आणि ते त्याचेच भक्ष्य झाले. दया कोणावर करावी याचा विवेक शिकवणाऱ्या या कथा परतफेडीच्या कथांना लागूनच सांगितल्या गेल्या, ही आपल्या परंपरेची जागरूकता होय.

या सर्वांहून निराळा आहे तो नालागिरी. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात देवदत्त राजगृहाच्या रस्त्यावर हा माणसे मारणारा हत्ती बुद्धावर सोडवतो. येथे पूर्वीचा काही उपकार नाही, काटा नाही, देणेघेणे नाही. आहे ती केवळ मैत्रीभावना. हत्ती सोंड खाली घेतो, बुद्धाच्या पायांची धूळ आपल्या मस्तकावर उधळतो आणि मागे मागे सरत आपल्या हत्तीखान्यात परततो. त्याला कोणी कामाला जुंपीत नाही, दोरी बांधून मिरवीतही नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग रंगवलेला आहे. परतफेडीच्या हिशेबाबाहेरची दया कशी असते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने या कथेपाशी थांबावे.

विसाव्या शतकात शॉने १९१२ साली लिहिलेल्या नाटकात अँड्रोक्लीज पुन्हा रंगभूमीवर आला. शॉचा नायक पळालेला गुलाम नसून ख्रिस्ती शिंपी आहे. अखेरीस सम्राट त्याला, जो प्रथम हात लावील त्याचा गुलाम म्हणून देऊ करतो. पण सिंह शेजारी असताना हात लावायला कोणी धजत नाही. सिंहाचा पिंजरा आणि माणसाची गुलामगिरी या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आणून शॉ कथेला तिच्या उगमाकडे नेतो. विनोदाच्या आवरणाखाली त्याने रोमचा विसरलेला प्रश्न पुन्हा विचारला आहे.

म्हणून वर्गात ही गोष्ट शिकवताना केवळ कृतज्ञतेच्या तात्पर्यावर थांबू नये, अशी आमची नम्र सूचना आहे. काटा निघाल्यानंतर काय होते, हे विद्यार्थ्यांना विचारावे. सिंह गुहेतच राहतो की मठात येतो? ओझे वाहतो की शिकवतो? क्षमा कोण मागतो, आणि दोरीचे टोक कोणाच्या हाती असते? उपकार करणाऱ्याने उपकृताला बांधून घेणे आपल्या व्यवहारात इतके सर्रास आहे, की दयेची ही दुसरी बाजू आपल्याला दिसेनाशी होते. काटा काढणारा हात काम झाल्यावर मागे घेता येतो की नाही, याचे उत्तर आमच्या मते नालागिरीच्या कथेत सर्वांत स्वच्छ आहे.